चौकटीभोवतीची फट : महाराष्ट्रातील बांधकाम व्यावसायिकांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व बांधकाम व्यावसायिक आणि त्यांचे साइट इंजिनिअर

विषय : यूपीव्हीसी व ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारे बसवताना प्लॅस्टिक पॅकरची निवड आणि वापर



खिडकीची चौकट आणि भिंत यांच्यामध्ये चारही बाजूंनी काही मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवलेली असते. या फटीत चौकट भिंतीला जिथे खरोखर टेकते, तिथे बसवायचा चपटा तुकडा म्हणजे पॅकर. चौकटीचे, झडपांचे आणि काचेचे वजन याच तुकड्यांवरून भिंतीत उतरते. वाऱ्याने खिडकी दाबली किंवा ओढली गेली, तरी स्क्रूपाशी चौकट जागची हलू न देण्याचे कामही त्यांचेच. फोम फट भरतो, सिलिकॉन पाणी अडवते. वजन पेलण्याचे काम दोघांपैकी कोणाचेही नाही. साइटवर हा फरक पाळला जात नाही. त्यामुळे चांगल्या कंपनीची, चांगल्या प्रोफाइलची खिडकी एक-दोन पावसाळ्यांतच अडकू लागते, गळू लागते, आणि दोष खिडकीच्या माथी मारला जातो.

पॅकरकडे दुर्लक्ष होण्यामागे एक जुने कारण आहे. सागवानी चौकट भिंत वर चढत असतानाच उभी करत. तिच्या बाह्यांना ठोकलेले होल्डफास्ट बांधकामात गाडले जात आणि चौकटीच्या पूर्ण उंचीला चुना किंवा सिमेंटचा माल लागून बसे. नंतरच्या लोखंडी खिडक्याही कान भिंतीत काँक्रीटने गाडून बसवल्या जात. धातूच्या खिडक्या बसवण्याविषयीचे भारतीय मानक आयएस १०८१ हे १९६० सालचे, त्याच काळातले आहे. चौकट भिंतीचाच भाग होत असे, त्यामुळे तिला वेगळा टेकू देण्याची गरज मिस्त्रीला कधी पडली नाही. आजची यूपीव्हीसी किंवा ॲल्युमिनियमची खिडकी कारखान्यात पूर्ण होऊन येते आणि गिलावा झालेल्या, अनेकदा ग्रॅनाइटची पट्टी लागलेल्या ओपनिंगमध्ये बसते. ती भिंतीत गाडलेली नसून भिंतीत धरलेली असते. काम बदलले तरी सवय जुनीच राहिली, आणि फट दिसली की हाताला लागेल ते तिच्यात कोंबले जाते : प्लायची चीप, फरशीचा तुकडा, दुमडलेला पुठ्ठा, सिमेंटच्या गोणीची घडी.

यांपैकी एकही वस्तू त्या जागेला योग्य नाही. पुठ्ठा आणि गोणीची घडी दाबाखाली चेपतात, ओल लागली की त्यांचा लगदा होतो. प्लाय आणि देवदाराची खपली पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि शेवटी कुजते. म्हणजे टेकूची जाडीच ऋतूप्रमाणे बदलत राहते. फरशीचा तुकडा चेपत नाही, पण ड्रिलच्या हादऱ्याने तडकतो. लोखंडी पट्टी किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत गंजते आणि गंजताना फुगते. शिवाय ॲल्युमिनियमला चिकटून लोखंड आणि ओल असली, तर ॲल्युमिनियमच खाल्ले जाते. प्लॅस्टिकचा पॅकर कुजत नाही, गंजत नाही, पाणी शोषत नाही, आणि त्याची जाडी ठरलेली असते. ओल्या सिमेंटमधला अल्कली ॲल्युमिनियमला डाग पाडतो. पॅकरवर उचललेली चौकट ओल्या मालाला टेकत नाही, हा आणखी एक फायदा.

सर्व प्लॅस्टिक सारखे नसते. पॉलिप्रॉपिलीन आणि हाय डेन्सिटी पॉलिथिलीन हे पॅकरसाठी नेहमीचे आणि भरवशाचे पदार्थ. ते चिवट असतात, स्क्रू घट्ट करताना तडकत नाहीत. भंगारातल्या मिश्र प्लॅस्टिकपासून केलेले स्वस्त तुकडे ठिसूळ निघतात किंवा भाराखाली हळूहळू पसरतात. परीक्षा सोपी आहे : तुकडा दोन्ही हातांनी वाकवावा. तो मोडला किंवा वाकवल्या जागी पांढरा पडून चीर गेली, तर ते पाकीट परत करावे.

बाजारात १ ते ६ मिलिमीटर आणि पुढे ८, १० मिलिमीटर अशा जाड्या मिळतात. प्रत्येक जाडीला वेगळा रंग असतो, पण रंगांचा संकेत उत्पादकागणिक बदलतो. एका कंपनीचा लाल म्हणजे दुसऱ्या कंपनीचा लाल नव्हे. एका साइटवर एकाच उत्पादकाचे पॅकर वापरावेत आणि जाडी रंगावरून न ओळखता तुकड्यावर छापलेल्या आकड्यावरून ओळखावी. आकार मुख्यतः दोन. चौकटीसाठी ‘यू’ आकाराचा पॅकर सोयीचा, कारण स्क्रू आधीच लागलेला असला तरी तो दोन्ही बाजूंनी स्क्रूला कवेत घेऊन आत सरकतो. काचेखाली सपाट, सुमारे १०० मिलिमीटर लांबीचा पॅकर लागतो. त्याची रुंदी काचेच्या जाडीवर ठरते.

फट किती ठेवावी, हा प्रश्न ऑर्डर देण्याआधीच सुटला पाहिजे. यूपीव्हीसी उष्णतेने बरेच वाढते : एक मीटर लांबीमागे दर अंशाला सुमारे ०.०७ मिलिमीटर. म्हणजे दोन मीटरच्या चौकटीत ४० अंशांचा फरक पडला तर लांबी साडेपाच मिलिमीटरांहून थोडी जास्तच बदलते. ॲल्युमिनियममध्ये तोच बदल दोन मिलिमीटरांच्या आत राहतो. विदर्भात उन्हाळ्याचे तापमान ४५ अंशांच्या पुढे जाते आणि पश्चिमेच्या उन्हातली गडद रंगाची चौकट हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, तेव्हा ४० अंशांचा फरक हा हिशेबापुरता धरलेला आकडा नाही. भिंतीला घट्ट कोंबून बसवलेल्या यूपीव्हीसी चौकटीला वाढायला जागा मिळाली नाही की ती मध्ये वाकते, आणि मग मे महिन्यात दुपारी न लागणारी खिडकी रात्री आपोआप लागते. दीड मीटरपर्यंतच्या चौकटीला प्रत्येक बाजूला साधारण ५ मिलिमीटर आणि त्याहून मोठ्या चौकटीला १० मिलिमीटरपर्यंत फट ठेवण्याची रीत आहे. प्रोफाइल उत्पादकाचा तक्ता असेल तर तो अंतिम मानावा. ओपनिंगची रुंदी वर, मध्ये आणि खाली अशी तीन ठिकाणी मोजून त्यांतले सर्वांत लहान माप धरावे, उंचीचेही तसेच, आणि दोन्ही कर्ण मोजावेत. एखाद्या बाजूला फट वीस मिलिमीटरांवर जात असेल, तर पॅकरची चळत रचण्यापेक्षा ओपनिंग मालाने दुरुस्त करून वाळू देणे बरे. चळतीतले तुकडे एकमेकांवरून घसरतात. पाच दोन-मिलिमीटरी तुकड्यांपेक्षा एक दहा मिलिमीटरचा तुकडा केव्हाही चांगला.

बसवण्याचा क्रम खालून सुरू होतो. उंबऱ्यावर लेव्हल ठेवून सर्वांत उंच जागा शोधावी आणि तिथल्या पॅकरची उंची धरून बाकीचे पॅकर त्या पातळीला आणावेत. दोन्ही कोपऱ्यांत बाह्यांच्या बरोबर खाली पॅकर हवा, मधला उभा दांडा असेल तर त्याच्याही खाली हवा, कारण वजन उभ्या दांड्यांतूनच खाली येते. सरकत्या खिडकीच्या आणि विशेषतः सरकत्या दाराच्या तळाला याहून जास्त आधार लागतो. तिथे चाकांचा भार एका जागी न राहता ट्रॅकभर फिरत असतो. पॅकर दूर दूर ठेवले, तर मधल्या भागात ट्रॅक लचकतो आणि दार त्या खळग्यात येऊन थांबते. ६ मिलिमीटरच्या एकेरी काचेचे वजन चौरस मीटरला १५ किलो असते. १.२ बाय २.१ मीटरच्या झडपेत केवळ काच ३८ किलोच्या आसपास जाते आणि दोन काचांची दुहेरी रचना केली तर ती पंचाहत्तर किलो ओलांडते. एवढा भार दिवसातून अनेकदा ज्या पट्टीवरून सरकणार, तिच्याखाली पोकळी ठेवणे कोणत्याही कारणाने समर्थनीय नाही.

तळ लेव्हलमध्ये आला की बाह्यांकडे वळावे. स्क्रूची पहिली जागा कोपऱ्यापासून साधारण १५० मिलिमीटरवर आणि पुढच्या जागा एकमेकींपासून ६०० मिलिमीटरांपेक्षा दूर नकोत, असा सर्वसाधारण नियम आहे. प्रत्येक स्क्रूपाशी, चौकट आणि भिंत यांच्यामध्ये, पॅकर असलाच पाहिजे. सर्वांत जास्त चुका होतात त्या इथेच, म्हणून ही जागा जवळून पाहण्यासारखी आहे. फिटर बाहीच्या मध्यावर भोक पाडतो, गिट्टी बसवतो, स्क्रू आत घालतो आणि ड्रिल मशीनने शेवटपर्यंत आवळतो. मागे पॅकर नसेल तर स्क्रू घट्ट होत जाईल तशी पोकळ बाही भिंतीकडे ओढली जाते. दोन-तीन मिलिमीटरांची ही कमान डोळ्यांना दिसत नाही. झडप लावून पाहिली की वर आणि खाली ती बाहीला भिडते, पण मध्यावर, नेमकी कुलपाच्या उंचीवर, उजेडाची बारीक रेघ उरते. कडी अर्धवट अडकते, ब्रशची पट्टी बाहीला टेकत नाही, आणि वाऱ्याबरोबर आलेला पाऊस त्या रेघेतून थेट आत येतो. त्यावर उपाय म्हणून सिलिकॉनचा आणखी एक थर मारला जातो. तो थर चौकट आणि भिंतीमधल्या फटीवर बसतो. पाणी मात्र झडप आणि चौकटीमधून येत असते. स्क्रू दोन आटे सैल करून मागे योग्य जाडीचा पॅकर सरकवला, तर बाही सरळ होते आणि गळती थांबते.

पॅकर घालतानाही अतिरेक नको. तो हाताने घट्ट सरकेल एवढाच असावा. हातोडीने ठोकून बसवलेला पॅकर बाहीला आतल्या बाजूला फुगवतो आणि झडप घासू लागते. समोरासमोरच्या बाह्यांना पॅकर एकाच उंचीवर यावेत. ओळंबा दोन्ही अंगांनी पाहावा : बाही डावी-उजवीकडे झुकलेली नको आणि आत-बाहेरही नको. चौकटीचे दोन कर्ण मोजून फरक दोन-तीन मिलिमीटरांच्या आत आला की मगच स्क्रू शेवटचे आवळावेत. माथ्यावर पॅकर चौकट जागेवर ठेवण्यापुरता असावा. लिंटेलचा किंवा बीमचा भार खिडकीवर येता कामा नये. मोठ्या गाळ्याचा बीम काळाच्या ओघात थोडा लवतो, त्या लवण्याला वर जागा लागते.

पॅकर फटीच्या बाहेरच्या तोंडाशी आणून ठेवणे ही आणखी एक नेहमीची चूक. सिलिकॉनला सलग पट्टी म्हणून बसायला फटीत काही खोली लागते. तोंडाशी पॅकर असेल तर तिथे थर कागदासारखा पातळ होतो, पहिल्या उन्हाळ्यात सुटतो, आणि पाण्याला वाट मिळते. पॅकर बाहेरच्या कडेपासून निदान दहा मिलिमीटर आत असावा.

फोम यानंतरच. पॉलियुरेथेन फोम फवारल्यावर फुगतो, आणि बाह्या नीट धरलेल्या नसतील तर त्यांना आत ढकलतो. काही ठिकाणी पॅकर न घालता चौकट तात्पुरत्या लाकडी खुंट्यांवर उभी करतात, फोम मारतात आणि फोम वाळल्यावर खुंट्या काढून घेतात. चौकट त्या क्षणी हलत नाही, म्हणून काम झाले असे वाटते. पण फोम मुळात पोकळ बुडबुड्यांचा असतो. रोजच्या भाराखाली तो दबत जातो, आणि बाहेरच्या बाजूने उघडा राहिला तर उन्हाने भुरभुरा होतो. मुंबईसाठी वाऱ्याचा पायाभूत वेग आयएस ८७५ प्रमाणे सेकंदाला ४४ मीटर धरतात, पुण्यासाठी ३९ मीटर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. अशा वाऱ्याच्या झोतात खिडकीवर एका क्षणी दाब येतो, दुसऱ्या क्षणी ओढ बसते. हा भार भिंतीत नेण्याची शाश्वत वाट पॅकर आणि स्क्रू यांच्या जोडीतूनच जाते.

इथवर चौकटीचे पॅकर झाले. काचेचे पॅकर हा वेगळा विषय आहे आणि तो बहुतेक वेळा कारखान्यातच सुटतो किंवा बिघडतो. काच झडपेच्या खोबणीत कुठेही धातूला, स्क्रूच्या डोक्याला किंवा थेट यूपीव्हीसीला टेकता कामा नये. टफन केलेल्या काचेची कड कठीण टोकावर दाबली गेली तर पूर्ण काच एकदम चुरा होऊ शकते. स्थिर काचेखाली दोन पॅकर असतात, साधारणपणे दोन्ही टोकांपासून लांबीच्या चौथ्या हिश्श्यावर. दुहेरी काच असेल तर पॅकरची रुंदी दोन्ही काचांखाली पूर्ण पोहोचली पाहिजे. बाहेरचीच काच पॅकरवर आणि आतली अधांतरी राहिली, तर दोन काचांना जोडणारे सीलंट ताणले जाऊन सुटते आणि काचांमध्ये कधीही न पुसता येणारे धुके साचते. खोबणीत शिरलेले पाणी बाहेर जाण्यासाठी तळाला भोके असतात. पॅकरने ती बुजवू नयेत. पोटाखालून पाणी वाहू देणारे खाचेचे पॅकर याचसाठी असतात. तुंबलेल्या पाण्यात कड बुडून राहिली की लॅमिनेटेड काचही कडेकडेने पांढुरकी होत जाते.

सरकत्या झडपेत काचेचे पॅकर चाकांच्या बरोबर वर हवेत, म्हणजे काचेचे वजन तळपट्टीला न वाकवता सरळ चाकात उतरते. बिजागरीवरच्या झडपेत मात्र मांडणी तिरपी असते. बागेच्या लाकडी फाटकाला खालच्या बिजागरीपासून वरच्या मोकळ्या कोपऱ्यापर्यंत तिरकी पट्टी मारतात, ती फाटक लोंबू देत नाही. यूपीव्हीसीच्या झडपेत हेच काम काच करते, पण ती पॅकरने त्या दोन कोपऱ्यांत आवळलेली असेल तरच. बिजागरीकडच्या खालच्या कोपऱ्यात तळाला आणि बाजूला, तसेच मुठीकडच्या वरच्या कोपऱ्यात माथ्याला आणि बाजूला पॅकर बसतात. काच बिजागरीच्या कोपऱ्यात टेकवून, प्लॅस्टिकच्या पट्टीने मुठीकडचा कोपरा हलकेच उचलत, झडप काटकोनात आली की वरचा पॅकर सरकवायचा. ही कृती झाली नसेल तर झडप मुठीच्या बाजूला उतरते आणि खाली उंबऱ्याला घासते. अशा वेळी फिटर बिजागऱ्या बदलतो, चौकटीला दोष देतो, कधी झडपेची कड तासतो. बहुतेक वेळा काचेच्या पट्ट्या काढून पॅकर पुन्हा लावले की झडप जागेवर येते.

दारांविषयी दोनच गोष्टी. प्रत्येक बिजागरीच्या मागे आणि कुलपाच्या पट्टीमागे पॅकर अनिवार्य आहे; दुसऱ्या ठिकाणी पोकळी असेल तर पहारीने चौकट भिंतीकडे ढकलून कुलूप न तोडताही दार उघडता येते. आणि अग्निरोधक दाराच्या चौकटीमागे साधे प्लॅस्टिक पॅकर वापरू नयेत. आगीत ते वितळतात आणि त्या फटीतून धूर व ज्वाळा वाट काढतात. तिथे दाराच्या चाचणी अहवालात सांगितलेलेच साहित्य चालते.

हे सगळे एकदा फोम आणि सिलिकॉनखाली झाकले गेले की तपासता येत नाही. रिअल इस्टेट कायदा २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून ५ वर्षांत कारागिरीतला दोष लक्षात आणून दिला तर विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा असतो. तेव्हा खिडकीखाली ओल धरलेली प्रत्येक भिंत अखेर विकासकाच्याच दारात येते. निविदांमध्ये प्रोफाइलची जाडी, काचेची जाडी, रबराचा रंगसुद्धा लिहिलेला असतो. पॅकरचे नाव क्वचितच दिसते. संपूर्ण खिडकीच्या किमतीत त्यांचा खर्च नगण्य असल्यामुळे काटकसरीची सबबही उरत नाही.

तरी महाराष्ट्रातील बांधकाम व्यावसायिकांना आग्रहाची विनंती अशी की, यापुढे प्रत्येक खिडकी-दार निविदेत पॅकरचा पदार्थ, त्यांच्या जागा आणि फटीचे माप लिहून द्यावे, काचेच्या पॅकरची मांडणी कारखान्याकडून आरेखनासह मागवावी, आणि पॅकर व स्क्रू डोळ्यांसमोर असताना साइट इंजिनिअरने प्रत्येक ओपनिंग तपासून सही केल्याशिवाय फोमचा डबा उघडू देऊ नये.